अर्ध्या अधिकाराची किल्ली

कोठीच्या खोलीची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत किती नाजुक असतो हें आमच्या वाचकांना सांगावयास नको. घरांत वावरण्याची मोकळीक सर्वांना असते, स्वयंपाकघरांत दहा हात खपत असतात. पण तुपाची बरणी, साखरेचा डबा आणि सणासुदीचीं चांदीचीं भांडीं ज्या दारामागें असतात त्या दाराची किल्ली एकाच जुडग्यांत असते. त्यांत आपला अपमान आहे असें सहसा कोणी मानीत नाहीं. घर सर्वांचें, कोठी मात्र एकीच्या हवालीं, ही वांटणी आपल्याकडे फार जुनी आहे. मोटारीच्या बाबतींत मात्र आपण याच्या नेमका उलटा व्यवहार करतों. लग्नाच्या दिवशीं कार्यालयाच्या दाराशीं एक अनोळखी तरुण पुढें येतो. आपण सबंध जुडगा त्याच्या हातावर ठेवतों, तो एक नंबराची चिठ्ठी आपल्या हातीं देतो, आणि आपण अक्षता टाकावयास आंत निघून जातों. त्या जुडग्यांत मोटारीची किल्ली असते आणि पुष्कळदां घराच्या दाराचीहि असते!

मोटार परक्याच्या हातीं देण्याची ही अडचण ओळखून अमेरिकेंतील व जपानांतील कारखानदारांनीं एक साधी युक्ति योजिली. तिला तिकडे व्हॅले किल्ली असें म्हणतात. 'व्हॅले' हा शब्द मूळचा फ्रेंच; धन्याचे कपडेलत्ते व सामानसुमान पाहणारा खासगी नोकर असा त्याचा अर्थ. पुढें अमेरिकेंत हॉटेलच्या दाराशीं पाहुण्याची मोटार ताब्यांत घेऊन ती जागेवर नेऊन उभी करणाऱ्या माणसालाहि तेंच नांव मिळालें, आणि त्याच्या हातीं द्यावयाची ती व्हॅले किल्ली. या किल्लीनें मोटारीचें दार उघडतें, इंजिन सुरू होतें, गाडी हवी तेथें नेतां येते. मात्र डिकी उघडत नाहीं, आणि डाव्या बैठकीसमोर कागदपत्रें ठेवण्याचा जो कप्पा असतो — ग्लोव्ह बॉक्स म्हणून जो ओळखला जातो — तोहि उघडत नाहीं. एवढेंच तिचें काम. पण एवढें काम एका लहानशा धातूच्या पट्टीकडून कसें करून घेतलें आहे, तें कोठवर पुरतें, आणि कोठें तिचा कांहींच इलाज चालत नाहीं, हें ज्याच्या घरीं मोटार आहे त्यानें समजून घेण्यासारखें आहे.

पूर्वीं अमेरिकन गाड्यांत ही सोय सरळ दोन निराळ्या किल्ल्या देऊन केलेली असे. जनरल मोटर्स कंपनीच्या १९६० च्या सुमाराच्या गाड्यांबरोबर अशा दोन किल्ल्या मिळत. एकीचें डोकें अष्टकोनी. ती इंजिनाची व दाराची. दुसरीचें वाटोळें, ती डिकीची व कप्प्याची. काळोखांत नुसत्या बोटांनीं चांचपूनहि कोणती कोणती हें कळावें, असा त्यांत हिशेब होता. मोटार दुसऱ्याकडे सोपवितांना अष्टकोनी किल्ली द्यावयाची आणि वाटोळी खिशांत टाकावयाची. गैरसोय एवढीच कीं, नोकराला अर्धा अधिकार द्यावयाचा म्हणून धन्यालाहि रोज दोन किल्ल्या वागवाव्या लागत. ही गैरसोय टोयोटा, होंडा इत्यादि जपानी कंपन्यांच्या गाड्यांत दूर झालेली दिसते. मालकाजवळ काळ्या डोक्याची एकच मुख्य किल्ली, ती सर्व कुलुपांना चालणारी. आणि तिच्या सोबतीला करड्या डोक्याची एक दुय्यम किल्ली, ती दार व इंजिन एवढ्यांनाच चालणारी. दोन्ही शेजारीं ठेवून पाहिल्या तर दांते जवळजवळ सारखेच दिसतात, आणि मग एक डिकी उघडते व दुसरी उघडत नाहीं हें कसें, याचें नवल वाटतें.

याचें उत्तर कुलुपाच्या पोटांत आहे. घराच्या दाराला आपण जें पितळी लॅच बसवितों त्याची आजची घडण अमेरिकेंतील धाकट्या लायनस येलची. १८६१ व १८६५ या सालीं त्यानें तिचीं पेटंटें घेतलीं. त्या कुलुपांत बारीक पिना असतात. मोटारीच्या कुलुपांत बहुधा पिनांऐवजीं पातळ पितळी पत्र्या घालतात, कारण त्यांना जागा कमी लागते व खर्चहि कमी येतो. अशा कुलुपाच्या मध्यभागीं किल्लीबरोबर फिरणारा एक वाटोळा गाभा असतो. गाभ्याला एकामागें एक अशा आडव्या चिरा पाडलेल्या असून प्रत्येक चिरेंत एकेक पत्री बसविलेली असते. पत्रीच्या अंगांत एक चौकोनी खिडकी असते आणि तिच्या कडेला बारीकशी स्प्रिंग असते. किल्ली आंत नसते तेव्हां या स्प्रिंगा पत्र्यांना ढकलून त्यांचीं टोंकें गाभ्याच्या बाहेर काढतात, आणि तीं टोंकें भोंवतालच्या नळीच्या खांचेंत अडकून बसतात. अशा स्थितींत गाभा जागचा हलत नाहीं. किल्ली घातली म्हणजे तिचें पातें त्या खिडक्यांतून एकेक करून पार जातें. सर्व पत्र्यांच्या खिडक्या एकाच उंचीवर नसतात. कोणाची थोडी वर, कोणाची थोडी खालीं. किल्लीवरचे उंचसखल दांते या फरकाची बरोबर भरपाई करतात, म्हणजे ज्या पत्रीला जितकें सरकवावयास हवें तितकेंच सरकवितात. सर्व पत्र्यांचीं टोंकें गाभ्याच्या गोलाईशीं एका पातळींत आलीं कीं गाभा फिरतो. एक पत्री केसभर जास्त किंवा कमी सरकली तरी तो अडतो.

आतां प्रत्येक पत्री म्हणजे कुलुपानें किल्लीला घातलेला एक प्रश्न आहे असें समजूं. किल्लीवर दहा ठिकाणीं दांते आहेत. इंजिनाच्या कुलुपांत त्यांपैकीं आठच ठिकाणीं पत्र्या बसविल्या आणि डिकीच्या कुलुपांत उरलेल्या दोन ठिकाणींहि बसविल्या, तर इंजिनाचें कुलूप आठ प्रश्न विचारील आणि डिकीचें दहा. मुख्य किल्लीला दहाहि उत्तरें येतात. व्हॅले किल्लीचे आठ दांते मुख्य किल्लीसारखेच कापलेले असतात, पण उरलेल्या दोन ठिकाणीं मुद्दाम निराळे कापलेले असतात. इंजिनाच्या कुलुपाला त्या दोन ठिकाणांशीं कर्तव्यच नसल्यामुळें तें खुशाल फिरतें. डिकीचें कुलूप त्या दोन पत्र्यांवर अडतें. प्रत्येक गाडीत हा आकडा आठ-दहाचाच असतो असें नव्हे. समजण्यापुरता तो घेतला आहे.

दुसरी एक रीति याहूनहि सोपी आहे. किल्लीच्या पात्याच्या अंगावर लांबच्या लांब खांच असते. कुलुपाच्या तोंडांतील उंचवटा तीत बसला तरच किल्ली आंत जाते. व्हॅले किल्लीच्या पात्यावर ही खांच अपुरी ठेवितात. डिकीच्या कुलुपाच्या तोंडांत उंचवटा ठेवितात, इंजिनाच्या कुलुपाच्या तोंडांत तो ठेवीत नाहींत. मग ती किल्ली डिकीच्या कुलुपांत फिरण्याचा प्रश्नच येत नाहीं, ती आंतच शिरत नाहीं.

दोन्ही रीतींत लक्षांत ठेवण्याची गोष्ट एकच. अटकाव करणारी शक्ति किल्लींत नसते, ती कुलुपांत असते. करडें डोकें ही नुसती ओळखीची खूण आहे. म्हणूनच गाडी जुनी होऊन कुलुपाच्या पत्र्या झिजल्या कीं हा भेद पुसट होऊं लागतो. झिजलेलें कुलूप उत्तरांची छाननी ढिलाईनें करतें, आणि करड्या किल्लीलाहि कधीं कधीं वाट देतें. जुन्या गाडीच्या मालकानें वर्षांतून एकदां करडी किल्ली डिकीला लावून पाहावी.

परंतु कुलुपें चांगलीं असलीं तरी मालकाचा निष्काळजीपणा त्यांना निरुपयोगी करूं शकतो. डिकीला बाहेरून कुलूप असतें तसाच आंतून, चालकाच्या बैठकीजवळ, ती उघडण्याचा एक खटका असतो. तो ओढला कीं किल्लीवांचून डिकी उघडते. ज्या गाड्यांना व्हॅले किल्ली असते त्यांच्यांत या खटक्यालाहि बहुधा निराळें कुलूप ठेवलेलें असतें, आणि तें मुख्य किल्लीनें बंद करावें लागतें. तें बंद न करितां करडी किल्ली हातीं देणें म्हणजे कोठीला कुलूप लावून मागची खिडकी उघडी टाकण्यासारखें आहे. मागच्या बैठकीची पाठ पुढें पडून डिकींत हात जाण्याची सोय ज्या गाड्यांत असते, तेथें त्या पाठीलाहि कुलूप लावावें लागतें. आपल्याकडे १९८३ सालीं निघालेल्या मारुति ८०० पासून पुढें ज्या लहान गाड्या घरोघर आल्या, त्यांतील बऱ्याच गाड्यांना मुळीं निराळी डिकीच नाहीं. मागच्या बैठकीवरून वांकलें कीं सामानाला हात पोंचतो. तेथें व्हॅले किल्ली द्यावयाची म्हटलें तरी ती बंद काय करणार? राहतां राहिला पुढचा कप्पा. तो क्षुल्लक समजूं नये. गाडीच्या नोंदणीचे व विम्याचे कागद त्यांतच असतात, त्यांवर मालकाचें नांव व पत्ता असतो; आणि जुडग्यांत घराची किल्ली असली म्हणजे पत्ता आणि किल्ली हीं दोन्ही एकाच माणसाच्या हातीं पडतात, तेंहि घरचीं सर्व माणसें लग्नाला गेलेलीं असतांना. करडी किल्ली जवळ नसली तरी घराच्या किल्ल्या जुडग्यांतून काढून घेण्यास पैसा लागत नाहीं. हें न करणारीं सुशिक्षित कुटुंबें आमच्या पाहण्यांत पुष्कळ आहेत.

येथवर गाडींतील वस्तूंचें झालें. स्वतः गाडीचें काय? व्हॅले किल्लीबद्दल पुष्कळांची समजूत अशी असते कीं, ती दिली म्हणजे गाडी चोरीपासून सुरक्षित राहते. ही समजूत अगदीं चुकीची आहे. जी किल्ली इंजिन सुरू करते ती चोराच्या हातांतहि इंजिन सुरू करणारच.

या संबंधांत आपल्या देशांतील एक खटला माहीत असावा असा आहे. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्रीं एक गृहस्थ दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलांत आपल्या मारुति झेन गाडीनें गेले. अकराच्या सुमारास त्यांनीं गाडी व किल्ली हॉटेलच्या माणसाच्या स्वाधीन केली व चिठ्ठी घेतली. रात्रीं एकच्या सुमारास बाहेर येऊन पाहतात तों गाडी नाहीं. चौकशींत उघडकीस आलें तें असें. तीन तरुण आपल्या स्वतःच्या दुसऱ्या गाडीनें तेथें आले होते. बाहेर पडतांना त्यांनीं आपली गाडी आणावयास सांगितली, आणि त्या गडबडींत त्यांतील एकानें मेजावर पडलेली झेनची किल्ली उचलली व ती गाडी घेऊन तो पसार झाला. पहारेकऱ्यानें अडविण्याचा प्रयत्न केला, पण तो फुकट गेला. विमा कंपनीनें मालकाची भरपाई केली आणि नंतर हॉटेलवर दावा लागला. चिठ्ठीवर तर छापलेलें होतें कीं, गाडी मालकाच्या जबाबदारीवर उभी केली आहे!

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १४ नोव्हेंबर २०१९ रोजीं, म्हणजे चोरीनंतर एकवीस वर्षांनीं, त्याचा निकाल लागला. गाडी आणि किल्ली आपल्या नोकरामार्फत ताब्यांत घेतल्यावर हॉटेल हें त्या गाडीचें विश्वस्त धारक झालें. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें, एखादा सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी तरी त्यानें घ्यावयास हवी होती. हयगय झाली नाहीं हें सिद्ध करण्याचा बोजाहि हॉटेलवरच आहे. आणि जेथें हयगय झाली आहे तेथें चिठ्ठीवरचीं छापील अक्षरें पुढें करून सुटतां येणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. या निकालांत सर्व भर आहे तो ताबा देण्याघेण्यावर, आणि ताबा दिला-घेतल्याची खूण म्हणजे किल्ली. तेव्हां चिठ्ठी फेंकून देऊं नये, आणि तिच्या पाठीमागें काय छापलें आहे तें वाचून घाबरूंहि नये.

त्या रात्रीं मेजावर झेनची किल्ली नसून एखादी करडी व्हॅले किल्ली असती तरी गाडी गेलीच असती. फार तर चोराला डिकी फोडावी लागली असती.

चोरीचा बंदोबस्त करण्याचें काम पुढें निराळ्या उपायानें झालें. किल्लीच्या डोक्यांतील प्लास्टिकमध्यें तांदळाच्या दाण्याएवढी एक विद्युत्-चिप बसवूं लागले. तिला स्वतःची बॅटरी नसते. इंजिनाच्या कुलुपाभोंवतीं तारेचें एक वेटोळें असतें, त्यांतून मिळणाऱ्या लहरींवर ती क्षणभर जागी होते व आपला गुप्त संकेत सांगते. संकेत जुळला तरच इंजिन चालू राहतें. युरोपांत १९९८ पासून नव्या गाड्यांना असा बंदोबस्त सक्तीचा झाला. त्यामुळें दांते हुबेहूब कापून खोटी किल्ली केली तरी गाडी नेतां येत नाहीं. व्हॅले किल्लींतहि ही चिप असावी लागते, नाहींतर इंजिनच सुरू होणार नाहीं. पण येथेंहि अधिकाराची पायरी ठेवण्याचें शहाणपण कांहीं कारखानदारांनीं दाखविलें. टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत काळ्या मुख्य किल्लीच्या साहाय्यानें गाडीला नव्या किल्लीची ओळख पटवून देतां येते. करड्या किल्लीनें तें करतां येत नाहीं. तिच्यानें गाडी चालेल, पण ती आपल्यासारखी दुसरी जन्मास घालूं शकणार नाहीं. आमच्या मतें डिकीच्या कुलुपापेक्षां हा निर्बंध अधिक मोलाचा आहे. पाहुणा तासाभराचा असतो, पण तेवढ्या वेळांत त्यानें करून घेतलेली किल्ली कायमची असते.

डिकी झाली, कप्पा झाला, आतां इंजिनाच्या शक्तीचें. ज्याच्या हातीं भरधाव गाडी दोन घटका येते त्याला ती पळवून पाहण्याचा मोह होतोच, आणि हा मोह कुलुपानें बंद करावा अशी कल्पना अमेरिकेंत निघाली. शेव्हरलेट कंपनीच्या १९९० च्या कॉर्व्हेट झेडआर-१ या गाडीचें इंजिन ३७५ अश्वशक्तीचें होतें. तिच्यांत चालकाच्या शेजारीं, रेडिओच्या खालीं, एक निराळें कुलूप होतें व त्याची निराळी किल्ली होती. ती फिरविल्याखेरीज पूर्ण शक्ति मिळत नसे. हवा आंत घेण्याच्या वाटांपैकीं अर्ध्या वाटा बंद राहत, आणि शक्ति सुमारें एकतृतीयांशानें उतरे. डॉज कंपनीच्या २०१५ च्या हेलकॅट गाडीला तर लाल व काळी अशा दोन किल्ल्या मिळत. लाल किल्लीनें ७०७ अश्वशक्ति, काळीनें ५००; आणि चार आंकडी संकेत दाबून व्हॅलेची अवस्था लावली म्हणजे पहिला गिअर पडतच नसे व इंजिनाचे फेरे मिनिटाला ४,००० च्या वर जात नसत. याच्या उलट बुगाटीची २००५ ची व्हेरॉन. तीत मालकालाच दुसरी किल्ली बैठकीच्या डाव्या बाजूला खालीं घालावी लागे, तेव्हां कोठें ताशीं ४०० किलोमीटरांच्या पलीकडे जाण्याची परवानगी मिळे; एरव्हीं ३७५ ला गाडी थांबे. आपल्या रस्त्यांवरील खड्ड्यांकडे पाहतां या गोष्टी आपल्याला कथेसारख्याच वाटावयाच्या.

आपल्या घरांना जवळची वाटेल ती गोष्ट निराळी. ऑक्टोबर २००८ मध्यें फोर्ड कंपनीनें 'मायकी' नांवाची योजना जाहीर केली व २०१० च्या फोकस गाडीपासून ती प्रचारांत आणली. येथें दुय्यम किल्ली हॉटेलच्या नोकराकरितां नव्हती, घरांतल्या मुलाकरितां होती. वडिलांनीं मुख्य किल्ली स्वतःकडे ठेवून दुसऱ्या किल्लीवर मर्यादा नेमावयाच्या. ती किल्ली लावून गाडी चालविली तर वेग ताशीं ८० मैलांच्या, म्हणजे सुमारें १२९ किलोमीटरांच्या वर जात नाहीं. रेडिओचा आवाज त्याच्या पूर्ण आवाजाच्या ४४ टक्क्यांपर्यंतच चढतो. आणि पट्टा बांधीपर्यंत रेडिओ मुळीं बोलतच नाहीं. मर्यादा काढून टाकणें दुय्यम किल्लीच्या हातांत नाहीं.

ही योजना पाहून प्रथम मनांत येतें तें असें कीं, ज्या मुलावर एवढाहि विश्वास नाहीं त्याच्या हातीं गाडी द्यावीच कशाला? एकत्र कुटुंबांत तर याला आणखी एक कंगोरा असतो. एका भावाच्या मुलाला काळी किल्ली व दुसऱ्याच्या मुलाला करडी, असें झालें तर त्या किल्लीवरून वर्षभर अबोला धरला जाईल. पण थोडा विचार केल्यावर आम्हांला ही योजना बरीच वाटते. तिच्यांत लपवाछपवी नाहीं. मुलाला माहीत असतें कीं वेग कोठें थांबणार. गाडी त्याला तोंडावर सांगते. वडिलांना रोज रात्रीं उलटतपासणी करावी लागत नाहीं. 'हळू चालव' या शब्दांनीं जितकी कटुता होते तितकी न बोलणाऱ्या यंत्रानें होत नाहीं. घरांत दुय्यम किल्ली ठेवावयाचीच तर ती वयावर ठरवावी, कोणाचा मुलगा यावर ठरवूं नये, म्हणजे अबोल्याचें कारण उरणार नाहीं.

याच्या नेमकें उलट उदाहरण चार-पांच वर्षांनीं त्याच अमेरिकेंत घडलें. कॉर्व्हेटच्या २०१५ च्या नमुन्यांत पुढच्या कांचेजवळ एक कॅमेरा व नोंदणीयंत्र बसविण्याची सोय होती. शर्यतीच्या मैदानावर मालकानें आपलें कौशल्य नंतर पाहावें, हा तिचा मूळ हेतु. पुढें तीच सोय व्हॅलेकरितां योजिली. ती लावली कीं कप्पे बंद होत, आणि शिवाय गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, समोरचा रस्ता आणि गाडींत बसलेल्याचें बोलणें, या सर्वांची नोंद होई. सप्टेंबर २०१४ मध्यें जनरल मोटर्सला आपल्या विक्रेत्यांना व गिऱ्हाइकांना कळवावें लागलें कीं, सुधारणा होईपर्यंत ही सोय वापरूं नका. कारण माणसाच्या संमतीवांचून त्याचें बोलणें टिपून घेणें अमेरिकेंतील कांहीं राज्यांत गुन्हा ठरूं शकतो.

आमच्या दृष्टीनें या विषयांतला खरा भेद येथें आहे. करडी किल्ली परक्याला म्हणते, 'येथवर तुझें काम, यापुढें नाहीं.' हें ऐकून भला माणूस रागावत नाहीं, उलट त्यालाहि तें सोयीचें असतें. डिकींतून कांहीं गेलें असा आळ त्याच्यावर येऊं शकत नाहीं. गुप्त कॅमेरा मात्र दार उघडें टाकतो आणि पडद्याआड बसून राहतो. ज्याला आपण दहा-वीस रुपये हातावर ठेवून गाडी आणावयास सांगतों, तो गाडींत बसून घरीं आईशीं फोनवर काय बोलला हें ऐकण्याचा अधिकार गाडीच्या मालकीबरोबर येत नाहीं. घरीं नोकरीस असलेल्या ड्रायव्हरच्या बाबतींतहि हेंच म्हणतां येईल. गाडी कोठें आहे हें कळविणारें यंत्र बसवावयाचें तर खुशाल बसवावें, पण तें बसविलें आहे हें त्याला आधीं सांगावें.

आतांच्या गाड्यांत कुलुपांत किल्ली घालण्याचा व्यवहारच कमी होत चालला आहे. किल्लीचा ठोकळा खिशांत असला आणि बटण दाबलें कीं इंजिन सुरू होतें. मग व्हॅले किल्ली गेली काय? पुष्कळ गाड्यांत ती गेली नाहीं, पण तिची अदलाबदल झाली आहे. त्या ठोकळ्याच्या पोटांत एक लहानशी धातूची किल्ली दडलेली असते. बाजूचा खटका सरकवून ती बाहेर ओढावी लागते. ठोकळ्याची बॅटरी संपली तर दार उघडावें म्हणून ती आहे, एवढेंच बहुतेकांना ठाऊक असतें. टोयोटासारख्या गाड्यांच्या माहितीपुस्तिकेंत तिचा आणखी एक उपयोग दिलेला आढळतो. पुढच्या कप्प्यांत डिकीचा खटका निकामी करणारें एक बटण असतें. तें दाबावें, मग कप्प्याला त्या धातूच्या किल्लीनें कुलूप लावावें, ती किल्ली स्वतःजवळ ठेवावी, आणि नुसता ठोकळा गाडी लावणाऱ्याच्या हातीं द्यावा. ठोकळ्यावरचें डिकीचें बटणहि मग चालत नाहीं. पूर्वीं साधी किल्ली द्यावयाची आणि भारी किल्ली ठेवावयाची असे. आतां भारी ठोकळा द्यावयाचा आणि त्याच्या पोटांतील बोटभर पट्टी ठेवावयाची! आपल्या गाडींत हें बटण आहे कीं नाहीं तें पुस्तिकेंत पाहावें. सर्व गाड्यांत तें नसतें.

ज्या गाड्यांचा सर्व कारभार पडद्यावर चालतो त्यांनीं संरक्षणाची यादीहि वाढविली आहे. टेस्ला कंपनीनें २०१५ सालीं आपल्या गाड्यांना व्हॅलेची जी अवस्था दिली तिच्यांत चार आंकडी संकेत घातला कीं पुढची डिकी व कप्पा बंद होतात, वेग ताशीं ७० मैलांपुरता, म्हणजे सुमारें ११३ किलोमीटरांपुरता राहतो, आणि नकाशांत साठविलेला घराचा व कचेरीचा पत्ता दिसेनासा होतो. ही शेवटली गोष्ट फार विचारपूर्वक केलेली आहे. कप्प्यांतल्या कागदांवरचा पत्ता आतां पडद्यावर आला आहे. 'घर' या शब्दावर बोट ठेवलें कीं गाडी परक्यालाहि आपल्या दारापर्यंत वाट दाखविते. ज्यांच्या गाडींत असा पडदा आहे पण अशी अवस्था नाहीं, त्यांनीं 'घर' म्हणून आपल्या गल्लींतील एखादें देऊळ किंवा चौक नोंदवावा. आपल्याला तेथून घरीं जाण्यास नकाशा लागत नाहीं. २०२० सालापासून बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें कांहीं गाड्यांत फोनलाच किल्ली केलें. मालक ती पांच जणांना वांटूं शकतो, आणि तरुण चालकासाठीं वेग, शक्ति व रेडिओचा आवाज यांवर मर्यादा घालूं शकतो. म्हणजे येथें किल्ली प्रत्येकाच्या खिशांत निराळी असते व तिचा अधिकारहि निराळा असतो.

जुनी गाडी विकत घेणारांसाठीं एक सूचना करून ठेवतों. करडी किल्ली बहुतेक घरांत कपाटाच्या खणांत वर्षानुवर्षें पडून असते, आणि काळी हरवली म्हणजे तीच वापरांत येते. गाडी विकतांना मग करडीच गिऱ्हाइकाच्या हातीं पडते. गाडी सुरू होते, दार उघडतें, म्हणून कोणाला संशय येत नाहीं. आठ दिवसांनीं कप्पा उघडेना झाला म्हणजे कुलूप बिघडलें असें वाटतें. किल्लीवाल्याकडे जाऊन तिच्यावरून दुसरी कापून घेतली तर तीहि व्हॅले किल्लीच होते, कारण उरलेल्या दांत्यांचीं मापें तिच्यावर नसतातच. म्हणून पैसे देण्यापूर्वीं हातीं आलेली किल्ली दार, इंजिन, डिकी व कप्पा या चारी ठिकाणीं फिरवून पाहावी. नव्या गाडीबरोबर किल्लीचा क्रमांक कोरलेला एक लहान धातूचा बिल्लाहि कारखान्याकडून मिळत असतो. त्या क्रमांकावरून मुख्य किल्ली नव्यानें करून घेतां येते. तो मूळ मालकाकडून आठवणीनें मागून घ्यावा, आणि घरीं कागदपत्रांच्या पेटींत ठेवावा. गाडीच्या कप्प्यांत ठेवूं नये.